तिने औषध दिलं नाही, बरोबर केलं

अहो, तुमच्या लेकाने काल जेवता जेवता जाहीर केलं, की तो फार्मासिस्ट सायलीविरुद्ध, लायसन देणाऱ्या स्टेट बोर्डाकडे तक्रार करणार. आमटीचा डाव माझ्या हातात होता, तो मी तसाच पातेल्यात ठेवून दिला. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. तुमचा चष्मा टीव्हीशेजारी आहे तिथेच आहे, मी हलवलेला नाही आणि कुणाला हलवू देत नाही. आणि तुमच्या नावाने या घरात पहिली गोष्ट घडणार ती ही? एका पोरीचं लायसन घालवायचं?

"बाबा स्वतः म्हणाले मला," मंदार म्हणाला. "फोनवर. तिने तपासलं आणि काहीही न देता घरी पाठवलं. दॅट्स नेग्लिजन्स, आई."

तसं म्हणाला होतात तुम्ही, ते मी नाकारत नाही. पण तुम्ही सांगितलंत ते अर्धंच. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे, कारण तिने तपासलं त्या खोलीत तिसरी खुर्ची होती आणि तिच्यावर मी बसले होते. म्हणून हे लिहितेय. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड गोड लिहितात. तेही लिहीन, तुम्ही होतातच तसे. पण आधी भांडण. ते अर्धवट टाकून निघून गेलात, ही काय पद्धत झाली?

आपल्या म्हसवडच्या दवाखान्याचा एक नियम होता. कंपाउंडर सोडून गेल्यापासून त्याच्या खिडकीत मी बसायची, म्हणून नियम मला चांगला पाठ. दारातून आत आलेला माणूस रिकाम्या हाताने बाहेर जाता कामा नये. बाटली, नाहीतर पुडी, नाहीतर निदान सुई. मी कात्रीने कागदाच्या पट्ट्या कापायची, त्यांना डोसाच्या खुणा पाडायची आणि खळ लावून बाटलीवर चिकटवायची. मॅट्रिकच्या पुढे न गेलेली बाई, पण तुमचं अक्षर वाचणारी त्या तालुक्यात मी एकटी!

सुरुवातीला तुमचा असा नियम नव्हता हो. नवे होतात तेव्हा एका म्हाताऱ्याला तुम्ही सांगितलंत, "आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही. तंबाखू कमी करा, झोपा." तो उठला आणि तडक एसटी स्टँडपलीकडच्या डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घेऊन आला. गावभर सांगत सुटला, की नव्या डॉक्टरला काही येत नाही, मला तसंच परत पाठवलं. त्यानंतर तुम्ही गुलाबी मिक्श्चर सुरू केलंत. ज्याला काही झालेलं नाही, त्याला गुलाबी.

मी भांडले होते. म्हटलं, ही फसवणूक आहे. तुम्ही म्हणालात, "अगं, हातात बाटली पडली की माणूस निम्मा बरा होऊनच घरी जातो. त्याला वाटतं, माझ्याकडे कोणी बघितलं." खोटं नव्हतं ते. तुमच्या हाताला गुण होता असं लोक म्हणत. मला विचाराल तर गुण हातात नव्हता, तुमच्या बसण्यात होता. घाईत कधी कुणाला तपासलं नाहीत. बाहेर रांग लागलेली असायची आणि तुम्ही एखाद्या सासुरवाशिणीला विचारत बसायचात, माहेरी कधी गेली होतीस म्हणून. तुमच्यावर जीव जडला तो त्या खिडकीतून बघूनच. लग्नात तर मी तुमच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

मग आपण इथे आलो, मंदारकडे. अमेरिकेत, बॉइसीला. डोंगर आहेत, हवा चांगली, नात शाळेतून आली की "हाय आजी" म्हणून वर पळते. सगळं छान. पण तुमची प्रॅक्टिस तिकडे राहिली. जन्मभर चिठ्ठ्या लिहिलेल्या माणसाला इथे साधी तापाची गोळी लिहून द्यायची परवानगी नाही. ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. नुसते पेन खिशाला लावून बसायचात.

आणि त्यात सायली. आपल्या ओळखीच्या पाटणकरांची धाकटी, इथेच जन्मलेली. ग्रोसरीच्या दुकानात मागच्या बाजूला औषधांचा काउंटर आहे, तिथे फार्मासिस्ट. इथे आयडाहोत फार्मासिस्टला बारीकसारीक आजार तपासून औषध लिहून देता येतं. घसा, फ्लू, ओठावरचे फोड, असलं. काउंटरच्या बाजूला एक चिमुकली खोली, तीन खुर्च्या, ब्लडप्रेशरचं यंत्र. मला थंडीत फ्लू झाला, तेव्हा डॉक्टरची अपॉइंटमेंट पार पुढच्या आठवड्यातली मिळत होती. मंदारची बायको शर्वरी मला सायलीकडे घेऊन गेली. पोरीने नाकात काडी घातली, टेस्ट केली, इतर गोळ्या कुठल्या चालू आहेत ते सगळं विचारलं आणि म्हणाली, "आजी, इट्स फ्लू. मी औषध लिहिते. पण श्वास लागला, ऑर इफ यू फील कन्फ्यूज्ड, तर माझ्याकडे नाही यायचं. सरळ हॉस्पिटल. प्रॉमिस?"

घरी आल्यावर तुम्ही गोळ्यांची बाटली हातात घेतलीत. लेबलवर डॉक्टरचं नाव असतं त्या जागी सायली पाटणकर. किती तरी वेळ बघत होतात. नखाने कोपरा खरवडलात. मग म्हणालात, "दुकानदार लिहिणार आणि दुकानदारच विकणार. उत्तम!"

"दुकानदार काय? शिकलीय ती. डॉक्टर लागतं तिच्या नावापुढे."

"तिच्या वयाचा असताना मी बाळंतपणं करत होतो."

"मग तिने काय करावं, तुमच्या वयाची होईपर्यंत थांबावं?"

त्यावर तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

पण मी तुम्हाला ओळखते. पुढच्याच आठवड्यात फिरायला जाण्याचा रस्ता बदलला. रोज दुकानावरून. कधी केळी आणायची, कधी काही नाही. काउंटरवर गर्दी नसेल तर तुम्ही तिची परीक्षा घ्यायचात. "सांग, गालफुगी आणि दाढेची सूज, कशी ओळखशील?" ती हसायची. "आजोबा, इज धिस अ व्हायवा?" पण उत्तर द्यायची. चुकली तर तुम्ही खूश, बरोबर आली तर जास्त खूश. फक्त दाखवायचात नाही. तोंडावर दुकानदारीण म्हणायचात, ती कोपरापासून हात जोडायची.

आणि मग तिने तुम्हाला कामाला लावलं. कुणाकुणाचे आईवडील इंडियातून येतात, तिच्यापुढे बसतात आणि म्हणतात, कसंनुसं होतंय. म्हणतात, पोटात गोळा येतो, अंग मोडून आलंय, जीव घाबरा होतो. त्या पोरीच्या पुस्तकात हे कुठून असणार? ती तुम्हाला विचारायला लागली. तुम्ही काउंटरला टेकून अर्धा अर्धा तास शिकवायचात. एकदा तिला म्हणालात, "आपले म्हातारे सगळ्याला अ‍ॅसिडिटी म्हणतात. शब्द ऐक, पण विश्वास हातावर ठेव. बोट दाखवून म्हणाला इथे जळजळतं, तर ठीक. पण अख्खा तळवा छातीवर ठेवला किंवा मूठ आवळली, तर ती अ‍ॅसिडिटी नव्हे. त्याला सोडायचं नाही."

तिने ते स्वतः करून बघितलं. आधी बोट, मग तळवा, मग मूठ. मी शेजारी कार्ट धरून उभी. त्या दिवशी घरी येताना तुम्ही शीळ घालत होतात. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

आता त्या शुक्रवारचं सांगते. मंदार कामासाठी ऑस्टिनला गेला होता, शर्वरी नातीला घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली होती. आपण दोघं चालत दुकानात निघालो. पार्किंग लॉटच्या कडेला तुम्ही थांबलात. म्हणालात, बघ कुणीतरी कार्ट गवतात सोडून दिलीय. पाच पावलांवर पुन्हा थांबलात, काय तर म्हणे नवीन गाडी बघू. तुम्हाला गाड्यांचं कधी वेड होतं हो?

आत गेल्यावर सायलीला म्हणालात, "ए दुकानदारीण, अ‍ॅसिडिटीवर काहीतरी जोरदार दे. बाहेर शेल्फवरचं नको, तू लिहून देतेस त्यातलं."

तिने खोलीत बसवलं, ब्लडप्रेशर घेतलं. "आजोबा, कधी होतं? जेवल्यावर?"

"केव्हाही."

"चालताना?"

"चालताना जरा जास्त."

"थांबलात की जातं?"

 तुमचा उजवा तळवा छातीवर होता. पसरलेला. मी पाहिलं, तिने पाहिलं. तुम्हीही खाली बघितलंत आणि हात चटकन मांडीवर घेतलात.

तिने पेन खाली ठेवलं. रंगच उडाला पोरीचा. पण आवाज नाही हलला. "आजोबा, हे मी ट्रीट नाही करणार. धिस इज नॉट अ‍ॅसिडिटी. तुम्ही ईआरला जायचं, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. आत्ता. मी अँब्युलन्स बोलावते."

आणि तुम्ही हसलात. टाळी वाजवलीत! "हरलीस! औषध नाही ना तुझ्याकडे? पेशंट आला आणि हात हलवत परत चालला. काय शिकलीस एवढी वर्षं?"

"आजोबा, प्लीज. मी मंदारदादाला फोन करते."

"माझ्या परवानगीशिवाय? तुझ्याच कायद्यात बसत नाही ते." कायदा बरा पाठ झाला होता तुम्हाला! इथे पेशंटने नको म्हटलं, की पोटच्या पोरालाही सांगता येत नाही. तिने मान खाली घातली. मग माझ्याकडे वळली, "आजी, तुम्ही सांगा ना." मी सांगितलं. तिच्यासमोर सांगितलं, बाहेर येऊन सांगितलं. ती पांढऱ्या कोटातच आपल्यामागे पार पार्किंग लॉटपर्यंत आली. थंडी होती. तुम्ही वळून तिला टाटा केलंत.

घरी आल्यावर मी अँब्युलन्ससाठी ९११ लावायला गेले, तर फोन माझ्या हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकलात आणि म्हणालात, चहा टाक. संध्याकाळी सायलीचा फोन आला. तिला म्हणालात, उद्या मुलगा येतोय, तो नेणार आहे. मग मंदारचा आला. त्याला म्हणालात, "तुमची ती फार्मासिस्ट. तपासलं आणि तसंच परत पाठवलं. काही येत नाही तिला." मी फोन ओढून घेतला. म्हटलं, मंदार, ह्यांना हॉस्पिटलात न्यायला हवं, छातीत दुखतंय. मागून तुमचा आवाज, "तुझी आई घाबरट आहे. मी डॉक्टर आहे की ती?"

आणि मंदारने तुमचं ऐकलं. ऐकणारच. या घरात तुम्ही बोललात की ते निदान आणि मी बोलले की ती काळजी. जन्मभर तेच चाललं. मला त्याचं कौतुकही होतं बरं का, की माझा नवरा डॉक्टर. त्या संध्याकाळी नव्हतं.

नंतर तुम्ही माझ्यासाठी संत्रं सोललंत. पांढरे धागे एक एक करून काढलेत, मला ते घशात टोचतात म्हणून. फोडी बशीत गोल मांडल्यात. मी रागाने हात लावला नाही, तर एक फोड माझ्या तोंडात कोंबलीत आणि म्हणालात, "रागावलीस की छान दिसतेस." असा माणूस! त्याच्यावर किती रागवायचं?

सकाळी तुम्ही उठला नाहीत.

सांत्वनाला लोक आले. इथल्या मराठी मंडळातले एक काका सोफ्यावर बसून म्हणाले, "औषधाच्या दुकानात डॉक्टरकी सुरू केली की असंच होणार. अडाण्याच्या हाती कारभार." मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. म्हटलं, "तुमच्या मुलीच्या मुलाचा कान दुखत होता तेव्हा याच दुकानात गेला होतात ना?" ते पाणी प्यायले. सायली आली होती तिच्या आईबरोबर. दारातच उभी राहिली. मंदारने तिला बस म्हटलं नाही. मी हाताला धरून आत आणलं, माझ्या शेजारी बसवलं. तिचा हात बर्फासारखा गार. कानात म्हणाली, "आजी, मी अजून काय करायला हवं होतं?"

मी तिला म्हटलं, काही नाही. आणि तेव्हापासून हे मनात घोळतंय.

अहो, तुम्हाला कळलं होतं. मला नका सांगू. अशा किती जणांना तुम्ही स्वतः जीपमध्ये घालून साताऱ्याला पोचवलंत, मी खिडकीतून बघितलंय. मग का गेला नाहीत? मशीनच्या तारा लावून घेऊन कुणासमोर पडायचं नव्हतं? की एका पोरीने ओळखलं आणि ते मान्य करायचं नव्हतं? की नुसते घाबरला होतात, साधे, इतर कुणीही घाबरतो तसे? मी रोज वेगळं उत्तर ठरवते. हे एक विचारायचं राहिलं. तुम्ही त्या पोरीला ज्या पद्धतीने हरवलंत ती म्हसवडच्या त्या म्हाताऱ्याची पद्धत होती. काही दिलं नाही म्हणजे काही येत नाही. त्या म्हाताऱ्याला कळत नव्हतं म्हणून तो तसा म्हणाला. तुम्हाला कळत होतं.

तिने त्या दिवशी जे केलं त्याला छाती लागते. दोन गोळ्या लिहून दिल्या असत्या तर तुम्ही खूश, ती खूश, मीसुद्धा गप्प. गुलाबी मिक्श्चरच की ते. तिने नाही दिलं.

म्हणून काल मी आमटी तशीच ठेवली आणि मंदारला म्हटलं, "कर तक्रार. मग मलाही विचारतील. मी सांगेन."

"काय सांगशील?"

"की मी तिथे होते. तिने सांगितलं, आत्ता जा, अँब्युलन्स बोलावते. तुझे बाबा हसले आणि निघून आले."

शर्वरीने चमचा खाली ठेवला. मंदारने हातातला घास ताटात परत ठेवला. "आई, यू आर टेकिंग हर साइड? अगेन्स्ट बाबा?"

"हो. बाबांच्या विरुद्ध."

"ही वॉज अ डॉक्टर!"

"म्हणून तर."

"तिने काहीतरी द्यायला हवं होतं, आई. समथिंग. एनीथिंग."

"दिलं असतं तर काय झालं असतं? बाबा गोळी घेऊन झोपले असते आणि तू-मी म्हटलं असतं, चला, औषध सुरू झालं. ती खोटी बाटली तिने हातात दिली नाही, हा तिचा गुन्हा?"

 नात जिन्यावर येऊन उभी राहिली होती, शर्वरीने तिला खुणेने वर पाठवलं. मग तुमचा एवढा मोठा लेक, ज्याच्या हाताखाली माणसं काम करतात, तो ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "तू मला सांगितलं होतंस फोनवर. मी ऐकलं नाही."

अहो, तेव्हा मला दिसलं, तो सायलीवर का धावून जात होता. स्वतःवर जाता येत नव्हतं म्हणून. मी उठून त्याच्या मागे उभी राहिले. म्हटलं, "तुझे बाबा डॉक्टर होते आणि ते फोनवर हसत होते. कुणीही त्यांचंच ऐकलं असतं. त्या पोरीच्या गळ्यात हे टाकू नकोस आणि स्वतःच्याही नको."

मग त्याने विचारलं, "बाबांना कळलं होतं का गं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. नाही रे, त्यांना खरंच अ‍ॅसिडिटी वाटली. तुमचं नाव स्वच्छ राहिलं असतं, त्याला झोप लागली असती. पण मग दोष कुठे जाणार होता? दुकानाच्या मागच्या त्या चिमुकल्या खोलीत. तिथे उद्या कुणाची तरी आई येऊन बसणार, कसंनुसं होतंय म्हणणार. आणि ही घाबरलेली पोर तिला काही ना काही देऊन टाकणार.

"कळलं होतं," मी म्हटलं. "सायलीच्या आधी कळलं होतं."

तो रडला. मीही रडले, शर्वरी रडली, आमटी गार झाली. आज सकाळी ऑफिसला निघताना म्हणाला, तक्रार करत नाहीये. संध्याकाळी पाटणकरांकडे जाऊन येऊ म्हणाला, तूही चल. मी म्हटलं, मी येते, पण बोलायचं तू.

तर हे असं आहे. मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहा म्हणाले होते, मी हेच देणार आहे. लोक म्हणतील, नवऱ्याला मेल्यावर सोडलं नाही बाईने. म्हणू देत. तुमची बाजू मी जन्मभर घेतली, सासरी घेतली, माहेरी घेतली, गावात घेतली. ही एवढी एक घेतली नाही. रागवायचं तर खुशाल रागवा, मी माफी मागणार नाही.